वायर ओढल्यावर

सिंकमधल्या भांड्यांच्या ढिगातून एक चमचा आपसूक घसरला आणि खालच्या वाटीवर खण्णकन आपटला. कीबोर्डवरचे हात तसेच अधांतरी धरून ती आतल्या खोलीकडे कान देऊन बसली. ठमीने कूस बदलली, नाकाने सूं केलं आणि पुन्हा गाढ झोपली. चार वर्षांच्या पोरीची दुपारची झोप म्हणजे अळवावरचं पाणी, कधी घरंगळेल नेम नाही. तेवढ्यात जे काय उरकायचं ते उरकायचं.

आज संध्याकाळी ऑपरेटिंग सिस्टीमची नवी आवृत्ती बाहेर पडायची होती. तिच्या अगदी पोटात, कर्नेलमध्ये, डिस्कवर लिहिणं-वाचणं सांभाळणारा जो भाग असतो, त्याच्या पहाऱ्यावर या आठवड्यात ती होती. आणि चाचणीची आवृत्ती घातलेल्या लोकांकडून एकच रड येत होती: वीज गेली की शेवटच्या नोंदी गायब. आधी असं होत नव्हतं. ऑफिसात कुणालाच ते दिसेना. तिला मात्र घरी, जेवणाच्या टेबलाखालच्या जुनाट मशीनवर, धडधडीत दिसत होतं.

सकाळपासून ती चाळणी लावत होती. नवे बदल अर्धे घालायचे, अर्धे वगळायचे, खोट कुठल्या अर्ध्यात आहे ते पाहायचं, मग त्या अर्ध्याचं अर्धं. दर वेळी टेबलाखाली वाकून भिंतीतली वायर ओढायची, पुन्हा लावायची, आणि काय उरलं, काय गेलं ते बघायचं. कंबरेचा पार काटा ढिला झाला होता. आता दोनच बदल उरले होते. एकात कुणीतरी स्पेलिंग सुधारलं होतं.

दुसरा तिच्या नवऱ्याचा होता.

तिने स्पेलिंगवाला बदल घालून वायर ओढली. मनातल्या मनात ती त्या बिचाऱ्या स्पेलिंगलाच दोष लागो म्हणत होती. मशीन उठलं. सगळ्या नोंदी जागच्या जागी.

नवऱ्याने काढलेली युक्ती तशी देखणी होती. डिस्कवर पाठवलेलं आधी तिच्या स्वतःच्या तात्पुरत्या साठ्यात बसतं आणि वीज गेली की तो साठा पुसला जातो. म्हणून महत्त्वाचं काही असलं की कर्नेल डिस्कला दटावतो, आत्ताच्या आत्ता पक्कं कर. या दटावण्यातच वेळ जातो. नवऱ्याचं म्हणणं, चौघे एकदम आले तर चौघांसाठी मिळून एकदाच दटावू. त्या दोघांचेही ऑफिसातले वरिष्ठ, ज्यांना सगळे मास्तर म्हणायचे कारण ते स्वल्पविरामसुद्धा सोडत नसत, त्यांनी दोन वर्षं हा बदल परत परत माघारी धाडला. शेवटी तिनेच ठमीला मांडीवर घेऊन तो ओळ न् ओळ वाचला आणि खाली ‘तपासलं’ म्हणून नाव टाकलं, तेव्हा कुठे मास्तर द्रवले.

तिने तो पुन्हा उघडला. आता कुठे बघायचं हे ठाऊक होतं, म्हणून लगेच दिसलं. एकदा दटावणी सुरू झाल्यावर मधेच पाचवा आला, तर त्यालाही चौघांबरोबर ‘झालं तुमचं’ असं सांगितलं जात होतं. गाडी सुटल्यावर धापा टाकत आलेल्याला ‘बसलात तुम्ही’ म्हणून घरी पाठवण्यातला प्रकार.

तिने फोन लावला.

“बोल पटकन,” नवरा म्हणाला. “मीटिंगला आत जायच्या बेतात आहे. मास्तरांनी शर्टाचं कौतुक केलं, म्हणजे बघ.”

“नोंदी जातात ना, तो बदल सापडला. तुझाच आहे.”

“ते टेबलाखालचं भंगार? अगं, त्याला स्वतःचं नाव आठवत नाही धड.”

“त्याच भंगारावर जुनी आवृत्ती घातली, सगळं शाबूत. तुझा बदल घातला, गेलं. आलटूनपालटून केलंय.”

“इथं आम्ही किती वेळा मशीन बंद-चालू केलंय, एक नोंद हलली नाही.”

“बंद कसं केलंत?”

“कसं म्हणजे? कमांडने. जागेवरून.”

“म्हणजे नुसतं रीस्टार्ट. डिस्कची वीज गेलीच नाही. ती साठ्यातलं सावकाश उतरवत बसली, आणि तुम्ही म्हणालात, वा, काय मजबूत बदल आहे.”

पलीकडे कुणीतरी हसत गेलं. तो हसला नाही.

“तू वाचला होतास तो,” तो म्हणाला.

“हो. मलाही दिसलं नाही. ते मी मास्तरांना सांगीनच.”

“आज मागे घेतलास तर मास्तर पुन्हा मला दारात उभं करणार नाहीत. कळतंय ना तुला?”

“कळतंय. म्हणून आधी तुला फोन केला. खाली टेस्टच्या खोलीत जा. स्वतःच्या हाताने वायर ओढ. नोंदी राहिल्या तर मी गप्प बसते.”

पावलं ऐकू आली. जिना. दार.

“प्लग कपाटामागे आहे.”

“मग सरकव.”

“लग्नात हे ठरलं नव्हतं.” कपाट फरशीवर करकरलं. मग खट्.

ती फोन कानाशी दाबून बसली. मशीन पुन्हा उठायला लागतो तेवढा वेळ, पण तिला युगासारखा गेला. आपण चुकलेलो असावं असं इतक्या मनापासून तिला कधी वाटलं नव्हतं. त्याची बोटं कीबोर्डवर आधी भरभर, मग हळू चालली. मग थांबली.

“परत बघतो,” तो म्हणाला. पुन्हा खट्. पुन्हा तीच वाट बघणं.

“गेल्या,” तो म्हणाला. “काढ.”

“मी खाली नीट लिहीन, कल्पना चांगली आहे, फक्त तो पाचवा...”

“काही लिहू नकोस. काढ नुसता. वर जाऊन मीच सांगतो सगळ्यांना.”

फोन बंद झाला. तिने बदल मागे घेतला. कारण लिहिताना दोनदा खोडलं, मग जे खरं होतं तेवढंच ठेवलं, स्वतःच्या ‘तपासलं’सकट. मास्तरांचं उत्तर लगेच आलं: “ठीक. आजची आवृत्ती, या बदलाशिवाय, जाईल.” स्वल्पविराम जागच्या जागी.

मान वळवली तर दारात ठमी उभी, गालावर उशीची घडी उमटलेली, पांघरूण जमिनीवर लोळत आलेलं. कधीची उभी होती कोण जाणे.

“बाबांचं होतं ते?”

“हो गं राणी.”

“ते आज सगळ्यांकडे जाणार होतं. बाबा सकाळी म्हणाले.”

“आज नाही जाणार.”

“कोणी थांबवलं?”

“मी.”

ठमीने पायावर पाय चढवून विचार केला. मग येऊन तिच्या गुडघ्याला टेकली, पण वर चढली नाही.

“मग बाबा आले की मी कुणाच्या मांडीवर बसू?”