आठवी शर्यत

तीन वर्षं खपून मिस्त्रीने कारखान्यासाठी शर्यतीची नमुना बाईक उभी केली आणि चालवायला आपल्या धाकट्या भावालाच बसवलं. सात शर्यतींत ती कधी चेन तुटून, कधी इंजिन तापून अर्ध्यातच बसली. लोक म्हणायचे, "हिला ढकलायचीच शर्यत ठेवा!"

आठव्या शर्यतीत मात्र ती वाऱ्यासारखी सुटली. दोन फेऱ्या उरल्या तेव्हा भाऊ सगळ्यांच्या पुढे होता. तेवढ्यात खालून खडखड ऐकू आली आणि त्याने बाईक कडेला घेतली.

"दादा, आणखी ताणलं असतं तर इंजिन फुटलं असतं. म्हटलं, पुढच्या वर्षी जिंकू."

मिस्त्रीने त्याची पाठ थोपटली.

पण पंधरवड्यातच कारखान्याने शर्यतींचा नाद सोडला आणि बाईक भंगारात काढायला सांगितली. मिस्त्रीने ती स्वतःच्या हाताने खोलली. इंजिन आतून धडधाकट होतं. सैल होता तो फक्त सायलेन्सरचा एक बोल्ट, आणि तो आवळायचं काम स्वतः मिस्त्रीचंच होतं.

घरी जेवताना भावाने विचारलं, "काय निघालं, दादा?"

"बेअरिंगचा पार चुरा झाला होता. थांबलास ते बरं केलंस," मिस्त्री म्हणाला. आणि त्याने भावाच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.