लेगगार्डवरचे दोन दिवे

दिवे मी निवडले. हे आधीच सांगून टाकते, कारण आता जो तो रामेश्वरला बोल लावतो आणि ते बिचारे मान खाली घालून ऐकून घेतात. गाडी त्यांची, माझ्या नवऱ्याची, पण हट्ट माझा. लग्नाला नऊ वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी त्यांच्याशी एकही वाद हरलेली नाही, आणि दिंद्रुडात युवराजभाऊंच्या स्पेअर पार्टच्या दुकानात उभी होते तेव्हाही हरायचा माझा विचार नव्हता.

आमच्या मोटारसायकलच्या दिव्यापेक्षा देवघरातली समई बरी. पिवळा, मिणमिणता, गाडी हळू केली की आणखी मंद होणारा. पंधरा दिवसांपूर्वी त्याच उजेडात आम्ही रस्त्यात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीखाली जाता जाता वाचलो होतो. ट्रॉलीला मागं ना लाल दिवा, ना चमकणारी पट्टी. रामेश्वरच्या हेल्मेटवर उसाची टोकं खडखडली तेव्हा कळलं की पुढं काहीतरी आहे. त्या रात्रीपासून मी दिव्यांचा हट्ट धरला.

आणि आता तर अंधारात जाणं टळणारच नव्हतं. माझे वडील, आश्रुबा त्यांचं नाव, आम्ही आबा म्हणतो, यंदा जवळच्याच कारखान्याला बैलगाडीवर ऊस ओढत होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. अंबाजोगाईला ऑपरेशनची तारीख मिळाली होती, गुरुवार, सकाळी सातला हजर. याआधी दोन तारखा आबांनी 'एवढी खेप हुंदे' म्हणत चुकवल्या होत्या. आता उशीर केला तर डोळे हातचे जातील, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. म्हणून ठरलं की बुधवारी संध्याकाळी रामेश्वर कापसाच्या जिनिंगवरून सुटले की आम्ही दोघांनी निघायचं, मी तिकडं मायजवळ थांबायचं आणि त्यांनी आबांना मागं बसवून घरी आणायचं. मला माझ्या बापाचे डोळे पाहिजे होते, दुसरं काही नको होतं.

"हेडलाइटातला बल्बच बदलू," रामेश्वर म्हणाले.

युवराजभाऊंनी मान हलवली. "तुमच्या गाडीची काच जुनी हाय, दाजी. नुसता बल्ब बदलला तर उजेड फाकतो. समोरच्याच्या डोळ्यात जातो, रस्त्यावर पडतच न्हाई."

मग त्यांनी काउंटरवर दोन प्रकार मांडले. एक मोठा गोल दिवा, हँडलखाली मधोमध बसणारा. दुसरी जोडी, मुठीएवढे दोन चौकोनी दिवे, लेगगार्डच्या दोन टोकांना बसणारे. दोन्ही प्रकार बॅटरीला जोडून दाखवले. भरदुपारी दुकानाच्या भिंतीवर नजर ठरेना.

"एक बास हाय," रामेश्वर म्हणाले. "मोटारसायकलला एकच दिवा बरा दिसतो."

"शोभेला लावायचाय का?" मी म्हणाले. "कडंची ट्रॉली एका दिव्यात दिसती का? मागच्या वेळी दिसली?"

"ताई बरोबर बोलायल्यात," युवराजभाऊ म्हणाले. "आन् आणखी एक फायदा सांगू का? ह्ये दोन लावले की समोरच्याला लांबून वाटतंय चारचाकी आली. मधला पिवळा तर दिसतच न्हाई. लोक आपूआप बाजूला हुत्यात. मोटारसायकलला कोण इचारतंय?"

हे ऐकून तर माझी कळी खुलली. "ऐकलं का?" मी नवऱ्याला म्हणाले आणि वाद संपला. त्यांनी फक्त एवढंच विचारलं की दोन दिव्यांना दोन वेगळी बटणं बसतील का. बसतील, पण अर्धा तास जास्त लागेल, असं युवराजभाऊ म्हणाले. मला दवाखान्याच्या कागदांची झेरॉक्स काढायची होती. 'एकाच बटणावर घ्या,' असं मीच म्हणाले आणि निघून गेले.

आता एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. सहा वर्षांची असल्यापासून मी माय-आबांबरोबर ऊसतोडीला जायची. अंधार पडताना भरलेली गाडी कारखान्याला निघाली की मला उसावर पुढं बसवायचे आणि माझं काम एकच असायचं. समोरून दिवे आले की मोजायचे. दिवसभर कोयता चालवून आबांचे डोळे मिटत असायचे, मान बैलांच्या पाठीकडं झुकलेली असायची. मी ओरडायची, "एक!" एक म्हणजे मोटारसायकल. आबा कासरासुद्धा हलवायचे नाहीत, ती आपली बाजूनं निघून जाते. मी ओरडायची, "दोन!" दोन म्हणजे ट्रक नाहीतर जीप, आणि ती काही बैलगाडीसाठी वाट सोडत नाही. मग आबा डावा कासरा ओढून गाडी पार रस्त्याच्या खाली घालायचे. मला ते लई आवडायचं. माझ्या एका शब्दावर बापाची अख्खी गाडी हलायची. माझं लग्न झाल्यावर ते काम मायकडं गेलं, आणि डोळ्यांवर मोतीबिंदूचा सारा आल्यापासून तर आबा फक्त तिच्या शब्दावर गाडी हाकत होते.

हे मला माहीत होतं. दुकानात उभी होते तेव्हाही माहीत होतं. युवराजभाऊंच्या बापानं जन्मभर किराणा विकला, रामेश्वरच्या घरात कोयता कधी शिरला नाही, त्यांना कसं सुचावं? आठवायला मला हवं होतं.

बुधवारी साडेसहालाच गडद अंधार झाला. निघता निघता मायला फोन लावला.

"आबा ऐकंनात," ती म्हणाली. "शेवटची खेप म्हणून गाडी भरली. बाकीच्या गाड्या कवाच फुडं गेल्या. तुमी कालव्याच्या रस्त्यानं या, वाटंतच गाठ पडंल."

"आज भरलीच कावून पण?"

"कावून म्हणून मला इचारती? तुझ्या बापाला इचार." आणि ती हसली. तिचं ते हसणं मी नंतर कधी ऐकलं नाही.

कालव्याचा रस्ता म्हणजे जेमतेम एका गाडीची वाट. जाताना डावीकडं शेतं, उजवीकडं कालवा. रामेश्वर म्हणाले, "परवा पाणी सोडलंय. कालवा भरून चाललाय, कड ओली आसंल. हळूच जाऊ."

"हळू जावा. पण दिसतंय का न्हाई सगळं?"

दिसत होतं. बाभळीचा काटान् काटा दिसत होता. पुढचा खड्डा, त्याच्या पुढचा खड्डा, रस्ता ओलांडणाऱ्या मुंगसाची शेपटी. समोरून एक सायकलवाला आला, तो आमचे दिवे बघूनच उतरला आणि सायकल घेऊन काट्यात उभा राहिला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पुढं एक मोटारसायकलवाला आला. त्यानंही गाडी पार कडेला घेतली आणि एक पाय मातीत टेकवून थांबला. आम्ही जवळून गेलो तसा तो मागून ओरडला, "मोटारसायकल हाय व्हय बे! मला वाटलं टेंपो आला!"

मी हसले. रामेश्वर हसले नाहीत. "लोकाला उगं भ्या वाटायलंय," ते म्हणाले. "बंद करू का जरा?"

"आन् ट्रॉली आली म्हणजे?" मी म्हणाले. तो वादही मीच जिंकले.

मग लांबवर चार हिरवट ठिपके चमकले. बैलांचे डोळे. त्यांच्यामागं उसाचा उंच ढीग. शिंगांना माझ्या जुन्या लाल ओढणीचे गोंडे बांधलेले होते, तेसुद्धा मला ओळखू आले. मी रामेश्वरच्या पाठीवर थाप मारली. "आबाच हायती! बघा किती लांबून दिसले! तुमच्या समईत दिसले असते का?"

बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांवरून मायचा आवाज आला. शब्द नीट कळला नाही, पण तो एवढाच होता, एका दमात संपणारा. मी तो हजार वेळा ओरडलेली आहे. आणि बैलांच्या माना डावीकडं वळल्या.

त्यांच्या डाव्या हाताला कालवा होता.

"बंद करा!" मी ओरडले. "एक दिवा बंद करा!"

"काय? काय झालं?" रामेश्वरनी ब्रेक मारला.

"एक बंद करा म्हणते ना!"

एक बंद होणारच नव्हता. त्यांनी बटण दाबलं आणि दोन्ही गेले. डोळ्यांपुढं नुसते पांढरे गोळे राहिले, मधल्या पिवळ्या उजेडात रस्ता नाही, गाडी नाही, काही नाही. ऐकू मात्र सगळं आलं. ओली माती खचल्याचा आवाज. जू मोडल्याचा. उसाच्या मोळ्या एकावर एक घसरल्याचा. मग पाणी. घुंगरं थोडा वेळ वाजत राहिली आणि एकदम थांबली.

रामेश्वरनी गाडी कालव्याकडं तोंड करून लावली आणि दिवे परत लावले. युवराजभाऊ खोटं बोलले नव्हते. इकडच्या कडेपासून तिकडच्या कडेपर्यंत लख्ख दिसत होतं. उलटी गाडी, वर फिरणारं चाक, पाणीभर पसरलेला ऊस, एका बैलाचं धडपडणारं तोंड. आबांचा पांढरा रुमाल उसात अडकला होता. आबा दिसत नव्हते. रामेश्वर कपड्यांनिशी उडी टाकून उसाखाली हात घालत होते, आबांना हाका मारत होते. मी फोन लावत सुटले, कारखान्यावर, टोळीतल्या माणसांना, कुणालाही. ट्रॅक्टर आला, दोर आले. आबा सापडले ते रात्री दहाला, मोळ्यांच्या तळाशी. डोळे उघडे होते.

पण ते नंतर. आधी माय सापडली. ती उसावर रस्त्याकडच्या बाजूला बसली होती म्हणून रस्त्यावर फेकली गेली होती. कोपर फुटलं होतं, तोंडावर माती होती. उठून तिनं माझा हात धरला.

"वर्षा? आलीस का बाई? बरं झालं, उजेड घिऊन आलीस. आबा कुठं हायती बघ लवकर. त्यो मेला टरक थांबला सुदा न्हाई."

गप्प बसता आलं असतं. तिला जन्मभर तो ट्रक शोधू देता आला असता. पण मला ते जमेना.

"टरक नव्हता माय," मी म्हणाले. "आमीच हुतो."

तिला कळलं नाही. तिनं मोटारसायकलकडं बघितलं. उजेड सहन होईना म्हणून एक हात डोळ्यांवर आडवा धरला, आणि दुसऱ्या हाताचं बोट पुढं करून, लहानपणी मला मोजायला लावायची तसं, एकदा डाव्या दिव्याकडं केलं, एकदा उजव्या.

"दोनच हायती की," ती म्हणाली. "मी दोन म्हणले. चुकले का गं मी?"

"न्हाई माय," मी म्हणाले. "तू बरोबर मोजलंस."