परत न करायचं भांडं

अॅल्युमिनियमचं ते पातळ भांडं बोटानं दाबलं की दबत होतं, आणि दबलेलं तसंच राहत होतं. आर्डिसनं ते जरासं उचलून खालून पाहिलं. तळाला चिकटपट्टी नाही, नाव नाही.

चर्चमधल्या बायकांचा हिशेब सरळ होता. आजाऱ्याच्या घरी मांस-बटाट्याचं, ओव्हनमध्ये भाजलेलं हॉटडिश जायचं ते काचेच्या भांड्यात, तळाला नाव चिकटवून. माणूस बरं होतं, भांडं धुतं, परत करतं. फेकायचं भांडं जातं फक्त मयताच्या घरी – तिथे कोण परतफेड मागणार! म्हणजे मला आता त्या बाजूला... नाही, उगाच. उगाच? नसांचा हा आजार इतकी वर्षं मुक्कामाला होता की त्याची बातमी शिळी झाली होती. आणि त्याच्यामागून आलेलं ते दुःख, डोळे उघडण्याआधीच छातीवर येऊन बसणारं – त्याची तर कधी बातमीच झाली नव्हती. कुणी विचारलं की, "तशी बरी." मिनेसोटातल्या या गावात तक्रार करणं आणि चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणं, दोन्ही मिरवणंच.

"कडा करपू देऊ नकोस," शेजारची मार्लिस दारातूनच सांगत होती. "तुझ्या नवऱ्याचं काय, तो भांडंही खाईल."

"काचेचं का नाही आणलंस?"

"मागचं फोडलंस की! माझ्या सासूचं होतं, उपकारच केलेस म्हण."

आर्डिस हसली, आणि हसू ओठांवरच थिजलं... हातातून वस्तू सुटतात हे चर्चमधल्या बायकांना ठाऊक. मग आपसांत आणखी काय काय बोलत असतील?

"बाकी कशी आहेस?" मार्लिसचा हात दाराच्या मुठीवर.

तशी बरी – शब्द तयारच होते.

"भीती वाटते गं. मरायची नाही... अशीच राहीन, याची. रोज."

बाहेर बर्फ लोटणारी गाडी घरघरत गेली. मार्लिसनं दार लावलं, स्टुलावर बसली आणि बुटांच्या नाड्या सोडू लागली. बूट काढतेय, म्हणजे बसणार. आता ही विचारणार, सगळं सांगावं लागणार, कदाचित रडूही... एक बूट निघाला. दुसऱ्याची गाठ घट्ट बसली होती. ती सुटूच नये असं मनात म्हणत असताना आर्डिसच्या ध्यानात आलं, आपण श्वास रोखून ती सुटायची वाट पाहतोय.