हळदीकुंकवाचा कॅट

हैदराबादच्या चिक्कडपल्लीत सावित्रीबाईंच्या घरी संक्रांतीनंतरच्या शुक्रवारी हळदीकुंकू असे, आणि त्या दिवशी बैठकीतल्या खिडकीजवळच्या खुर्चीवर सुजाता बसे. हे इतकं ठरून गेलं होतं की आमंत्रणात त्याचा वेगळा उल्लेख होत नसे. बायका येत, हळदीकुंकू लावून घेत, वाण घेत आणि मग सुजातासमोर बसून भविष्य सांगणाऱ्या टॅरोच्या पत्त्यांतलं एक पान काढत. एकच प्रश्न, एकच पान. बाकीच्या बायका ऐकायला भोवती जमत.

त्या खुर्चीला महत्त्व होतं. मराठी मंडळाच्या वाचनालयात सुजाता दर शनिवारी नवशिक्यांसाठी टॅरोचा वर्ग घेई. तिथं येणाऱ्या बहुतेक जणी आधी सावित्रीबाईंच्या बैठकीत तिच्यासमोर बसलेल्या होत्या. सावित्रीबाईंनी ज्या बाईला खिडकीजवळ बसवलं, तिच्यावर जुन्या हैदराबादी मराठी घरांचा विश्वास बसे. शहरात टॅरो वाचणारे पुष्कळ होते, पण या घरांतल्या बायकांशी मराठीत बोलणारी सुजाता एकटी होती. निदान गेल्या पावसाळ्यापर्यंत तरी.

सुजाता शिकवायची चांगलं. पहिल्या तासाला ती मूर्खाचं पान दाखवी. कड्याच्या टोकावर उभा असलेला तरुण, खांद्यावर गाठोडं, नजर आभाळात, पायाशी भुंकणारं कुत्रं. अर्थ लगेच सांगत नसे. आधी डोळे, मग तोंड, हा तिचा पहिला नियम. चित्रात काय दिसतं ते बोलायचं, अर्थ त्यातून निघतो. पेले म्हणजे मन, तलवारी म्हणजे विचार आणि भांडण, नाणी म्हणजे घरदार, काठ्या म्हणजे उमेद. दुसरा नियम असा, की पान नेहमी विचारणारीनं उलटायचं, सांगणारीनं त्याला हात लावायचा नाही. हातचलाखीचा संशय नको.

तिसरी गोष्ट नियमात नव्हती, पण ती दर वर्षी वर्गात सांगे. हळदीकुंकवाला, बारशाला, डोहाळजेवणाला पत्त्यांचा कॅट नेताना त्यातली मृत्यू, सैतान, कोसळता मनोरा आणि तलवारींची तिर्री, नव्वी, दश्शी ही पानं काढून घरी ठेवायची. सवाष्णींच्या घोळक्यात हाडांचा सांगाडा निघणं बरं दिसत नाही. बायका मान डोलवत. त्यांना ते पटे.

शर्वरी वर्गात आली ती पावसाळ्यात. पुण्याची, तिशीतली, नवऱ्याबरोबर सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी आलेली. पहिल्या दिवशी तिनं फार कमी प्रश्न विचारले, ते सुजाताला आवडलं. दुसऱ्या महिन्यात जोड्या लावून सराव सुरू झाला, तेव्हा शर्वरीची जोडी तन्वीशी लागली. तन्वी कॉलेजातली पोरगी, मराठी बोलायची पण वाचताना अडखळायची, त्यामुळे पुस्तकापेक्षा चित्रांत रमायची. तिनं पेल्यांची पंजी उलटली. काळा झगा घातलेला माणूस, समोर तीन पेले लवंडलेले, मागं दोन उभे. शर्वरीनं काही सांगितलं नाही. ती फक्त थांबली. तन्वी बोलता बोलता रडायला लागली आणि मग बराच वेळ रडत राहिली.

सुजातापुढे कधी कोणी रडलं नव्हतं. हे आपल्या कौशल्याचं लक्षण आहे असं तिला तोवर वाटत होतं.

त्यानंतर तिचं लक्ष शर्वरीवरून हटेना. चहाच्या सुट्टीत बायका शर्वरीच्या बाकाशी जमत. वर्गाच्या ग्रुपवर कुणी पानाचा फोटो टाकून अर्थ विचारला की सुजाताच्या उत्तराला अंगठे येत आणि त्याखाली कुणीतरी लिही, शर्वरी, तुला काय दिसतं? सुजाता ते वाचून फोन पालथा ठेवी आणि पुन्हा उचली. ती स्वतःला समजावी की पोरीला अजून उलटी पडलेली पानं नीट वाचता येत नाहीत, की ती पुण्याची म्हणून बायका भाळल्यात. एकदा ती घरी आरशासमोर बसून शर्वरीसारखी थांबायला गेली. तिला ते जमलं नाही. शांतता झाली की तिच्या तोंडून काहीतरी गोड निघून जाई.

जानेवारीत सावित्रीबाईंचा फोन आला. तब्येतीचं, थंडीचं बोलून झाल्यावर त्या म्हणाल्या की ती पुण्याची पोट्टी फार छान सांगते असं ऐकलंय, तर या वर्षी तिला पण घेऊन ये, दोघी बसा. सुजाता हौ म्हणाली. फोन ठेवल्यावर तिनं हिशेब केला. खिडकीजवळ खुर्ची एकच होती.

दोन दिवसांनी शर्वरीचा मेसेज आला. हळदीकुंकवाला पहिल्यांदाच पानं वाचतेय, तर काही वेगळी तयारी करावी लागते का? पानं काढून ठेवण्याचं ज्या शनिवारी वर्गात सांगितलं गेलं, त्या शनिवारी ती पुण्याला गेलेली होती. सुजाताला ते आठवलं. तिनं सहाही पानांची नावं टाइप केली. मग ती पुसली आणि लिहिलं, काही नाही, कॅट घेऊन ये.

शुक्रवारी दुपारी बैठक भरली. सावित्रीबाईंचे यजमान अप्पाराव नेहमीप्रमाणे गौलीगुड्याला दुकानात गेले होते. पितळी भांड्यांचं ते दुकान त्यांच्या वडिलांचं. आता तिथं गिऱ्हाईक क्वचितच येई, पण वयाची पंचाहत्तरी उलटली तरी ते रोज जात, शटर उघडत आणि संध्याकाळपर्यंत बसत. दोनदा तिथंच चक्कर येऊन पडले होते. सावित्रीबाई दर संक्रांतीला सुजाताला एकच विचारत, दुकानाचं कसं होईल. दर वर्षी काहीतरी चांगलं निघे. फळांनी लगडलेला मळा, पाण्याचा उसळता पेला, नवं नाणं. सुजाता सांगे, दिवस फिरतील.

या वर्षी सुजाता खुर्चीकडे निघाली आणि मध्येच थांबून शर्वरीला हात करून म्हणाली की आधी तू बस, तुझं पहिलं वर्ष. सगळ्यांना तो मोठेपणा वाटला. पहिल्या दोन-तीन जणींची पानं साधी निघाली. मग सावित्रीबाई स्वतः पुढं आल्या. त्यांनी पत्ते पिसले, काटले आणि वरचं पान उलटलं.

मृत्यू.

एकीनं पदर तोंडाला लावला. तन्वी शर्वरीच्या मागंच उभी होती. ती वाकून हळूच म्हणाली, “ही पानं घरी ठेवायची असतात. मॅडमनी सांगितलं नाही?”

शर्वरीनं मान वर करून सुजाताकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग ती सावित्रीबाईंकडे वळली. आता ही गडबडेल, पान परत ढकलेल, माफी मागेल, असं सुजाताला वाटत होतं. त्या क्षणाची तिनं दोन आठवडे वाट पाहिली होती.

“काय दिसतं, काकू?” शर्वरीनं विचारलं.

सावित्रीबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. सांगाडा घोड्यावर बसलाय, त्या म्हणाल्या. राजा खाली पडलाय. एक धर्मगुरू हात जोडून उभा आहे. एक लहान लेकरू आहे, ते भीत नाही. मागं दोन खांबांमधून सूर्य दिसतो. तो उगवतो का मावळतो ते कळत नाही.

शर्वरी थांबली. सावित्रीबाई पानाकडे बघत राहिल्या.

“संपलंय ना ते दुकान?” शेवटी त्यांनीच विचारलं.

“तुम्हाला काय वाटतं?”

“संपून लई दिवस झाले. यांना सांगायचं कोणी, म्हणून मी थांबले. आज सांगते.” त्यांनी पदरानं डोळे पुसले, पण चेहरा हलका झाला होता. त्यांनी शर्वरीच्या हातावर हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला.

त्यानंतर शर्वरीपुढची रांग वाढली. मृत्यू म्हणजे मरण नव्हे, शेवट, जुनं जाऊन नवं येणं, हे वर्गातलं वाक्य बायका एकमेकींना असं सांगू लागल्या, जणू त्या पोरीनंच ते शोधून काढलं होतं. ते वाक्य सुजाताचं होतं. वहीत उतरवून घ्या म्हणून तिनं ते दोनदा सांगितलं होतं. आता तिच्या हातात तिळगुळाची वाटी होती आणि ती कोणालाच देत नव्हती.

“सुजाता, तू पण काढ की एक,” सावित्रीबाई म्हणाल्या.

नाही म्हणणं दिसलं असतं. ती बसली. प्रश्न मनात ठेवला. ही खुर्ची माझी राहील का. तिनं पत्ते पिसले, काटले आणि हात पुढं करणार, एवढ्यात शर्वरीनं कॅट स्वतःकडे ओढला. वरच्या पानाचा कोपरा अंगठ्यानं किंचित उचलला, आत पाहिलं आणि ते पान गड्डीच्या खाली सरकवलं. मग पुढचं पान स्वतःच उलटून ठेवलं. सूर्य. पांढऱ्या घोड्यावर हात पसरलेलं मूल, मागं भिंतीवर सूर्यफुलं.

“खूप छान आहे, मॅडम,” शर्वरी म्हणाली.

भोवतीच्या बायकांना काही कळलं नव्हतं. सुजाताला सगळं दिसलं होतं, आणि दिसताच तिला आनंद झाला. जिला आता सगळ्या जणी खरं सांगणारी म्हणत होत्या, तीही पानं लपवत होती. शिवाय पानाला हात लावून. एका वाक्यात सगळं उलटलं असतं.

“वरचं पान खाली का गेलं?” तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

“राहू द्या ना, मॅडम.”

“का राहू द्या? काकूंचं आलं ते पान तसंच ठेवलंस ना?”

तिनं गड्डी उचलली, उलटी केली आणि टेबलावर ठेवली. खालचं पान वर आलं.

सावित्रीबाईंचा चष्मा पुन्हा खाली गेला होता. कोणतं पान आहे ते त्यांनी तन्वीला विचारलं. तन्वीनं शिकवल्याप्रमाणे आधी डोळ्यांना दिसतं ते सांगितलं.

“तलवारींची सत्ती आहे. एक माणूस पाय न वाजवता चाललाय. हातात पाच तलवारी घेतल्यात, दोन मागं राहिल्यात. मागं वळून बघतोय, कुणी पाहिलं का म्हणून.” ती थांबली. “अर्थ मॅडमना माहीत आहे.”

माहीत सगळ्यांनाच होता. वर्गात त्या पानावर अख्खा एक तास झाला होता. लबाडीनं काहीतरी उचलणारा, गुपचूप काम साधणारा, आणि तरी सगळं नेता न आलेला. शर्वरी टेबलावरच्या सूर्याकडे बघत होती.

“काय केलंस गं?” सावित्रीबाईंनी विचारलं. आवाजात राग नव्हता. भाजीत मीठ पडलं का, असं विचारावं तसा तो प्रश्न होता.

सुजाताकडे सांगण्यासारख्या तीन-चार गोष्टी होत्या. विसरले, वेळ झाला नाही, तिला माहीत असेल असं वाटलं. पण समोर बसलेल्या पोरीच्या फोनमध्ये तो मेसेज होता, आणि ती तो दाखवणार नाही हे सुजाताला आता कळलं होतं. तेच तिला जास्त सहन होईना.

“तिनं विचारलं होतं,” ती म्हणाली. “कोणती पानं काढायची म्हणून. मी सांगितलं नाही.”

“मुद्दाम?”

“हौ.”

सावित्रीबाईंनी थोडा विचार केला.

“बरं केलंस,” त्या म्हणाल्या. “तुझ्या कॅटात वाईट पान निघतच नाही, हे आम्हाला मालूम होतं. वर्गात तूच सांगायचीस. म्हणून मी तुला दुकान कसं चालेल ते विचारायची. बंद करू का, असं कधी विचारलंच नाही. काय निघणार ते ठरलेलंच होतं.”

त्या उठल्या आणि वाणाची ताटं आणायला आत गेल्या. त्यांच्या दृष्टीनं विषय संपला होता. बायका पुन्हा हळूहळू बोलू लागल्या, आधी उसाबद्दल, मग कुणाच्या तरी सुनेबद्दल.

शर्वरीनं पानं गोळा केली, सारखी केली आणि गड्डी सुजाताच्या बाजूला सरकवली. “मॅडम, पुढच्या तुम्ही घ्या,” ती म्हणाली आणि खरोखरच खुर्चीवरून उठायला लागली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. सुजातानं तो शोधून पाहिला.

रांगेत पुढं तन्वी होती. ती खुर्चीकडे यायची थांबली. तिनं सुजाताकडे पाहिलं, मग शर्वरीकडे, आणि मग जमिनीकडे.

“बस तूच,” सुजाता शर्वरीला म्हणाली आणि समोरची जागा तन्वीसाठी मोकळी केली. तिथून ती दाराशी गेली, चपला घालाव्यात म्हणून वाकली, आणि मग न घालताच सरळ झाली. तन्वी पत्ते पिसत खालच्या आवाजात काहीतरी विचारत होती. सुजाता दोन पावलं परत आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली, प्रश्न ऐकू येईल इतक्या अंतरावर.