चारशेचा बल्ब

आमच्या अमडापुरात लिहिलेल्या आकड्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. व्होल्टेज कधीच पुरेसं येत नाही, म्हणून पाच हॉर्सपॉवरची मोटर लागत असेल तिथे साडेसातची बसवायची, पंखा कायम शेवटच्या आकड्यावर ठेवायचा. ही शिकवण गावाला देणाऱ्यांत माझे सासरे अर्जुनराव पहिले. चाळीस वर्षं त्यांनी जळालेल्या मोटरींची वायंडिंग भरली. त्यांचा शब्द गावात कुणी मोडत नाही आणि घरात तर नाहीच नाही.

मागच्या खोलीत माझी वांग्याची एकेचाळीस रोपं होती. देऊळगाव राजाच्या गोजरबाईंनी त्यांच्या जुन्या काटेरी वांग्याचं उरलंसुरलं सगळं बी मला दिलं होतं. "आता माह्याजवळ एक दाना नाई, पूनम," म्हणाल्या होत्या. बाहेर तुडतुड्यांनी आधीची रोपं रोगट केली, म्हणून ही मी खोलीत, चारशे वॉटच्या सोडियम बल्बखाली वाढवत होते. बल्बला वीज पुरवणारा बॅलास्टचा डबा जुना घेतलेला. त्यावर चकरी होती. अडीचशे, चारशे, सहाशे.

"बाबा, बल्ब चारशेचा हाय, चकरी चारशेवरच राहू द्या," मी पहिल्याच दिवशी सांगितलं.

"एकशे सत्तर व्होल्टेज येऊन राह्यलं. चारशेवर ठेवलं त तीनशेच पडन."

"डबा व्होल्टेज स्वतः सांभाळते, बाबा."

"सांभाळते, त मंग चकरी काऊन देल्ली?"

"लहानमोठा बल्ब लावता यावा म्हनून."

ते हसले. लहान लेकराला हसतात तसे.

मी चिखलीला शाळेत शिकवते. रोज संध्याकाळी बसमधून उतरून आधी खोलीत जायचे, तर चकरी सहाशेवर. मी ती मागे आणायचे. चिकटपट्टी लावली, तर दुसऱ्या दिवशी पट्टी नीट सोलून भिंतीला चिकटवलेली. माझं डोकं सणकायचं. पण सासऱ्यांना काय बोलणार? मी नुसती भांडी आपटायचे. सहाव्या दिवशी आले तर खोलीत अंधार आणि बल्ब आतून काळा पडलेला.

"माल हलका होता," बाबा म्हणाले.

चारशेचा बल्ब ना चिखलीत मिळाला, ना बुलढाण्यात. पुण्याहून यायला दहा दिवस लागणार होते. बुलढाण्यात रस्त्यावरच्या दिव्यांचा एक अडीचशेचा पडून होता, तो आणला आणि चकरी अडीचशेवर ठेवली. पण त्याचा उजेड निम्म्याच रोपांना पुरणार होता. कोणती वीस ठेवायची ते मला निवडावं लागलं. बाकीची एकवीस खिडकीशी सरकवली. ती आठवड्यात दोऱ्यासारखी लांबली आणि आडवी झाली. त्या दिवशी मी बाबांना चहा दिला नाही.

संध्याकाळी व्होल्टेज पडलं. स्वयंपाकघरातला बल्ब पिवळा झाला, खोलीतला मात्र तसाच लख्ख. बाबा दारात थबकले. मग आपला करंट मोजायचा मीटर घेऊन आले, वायरला लावला, बोटांवर हिशेब केला. सकाळी व्होल्टेज वाढल्यावर पुन्हा मोजलं.

"व्होल्टेज कमी झालं का हा करंट जास्त घेते," ते स्वतःशीच म्हणाले. "वॉट तेवढेच."

मला वाटलं, आता म्हणतील, पूनम, तू सांगत होतीस.

रविवारी शेजारचे माणिकराव आले. मी उरलेल्या रोपांना पाणी घालत होते. बाबांनी त्यांना डबा दाखवला.

"ह्याले छेडाचं नाई. हा व्होल्टेज स्वतः सांभाळते. चकरी फक्त बल्बाच्या हिशोबानं ठेवाची."

शब्द न् शब्द माझा.

"असं होय? तुमाले कोनं सांगतलं, अर्जुनराव?" माणिकरावांनी विचारलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. झारी माझ्या हातात तशीच राहिली.

"मीटरनं," ते म्हणाले.