बोटभर प्रवाळ

मित्रांनो, मी एक जुना पाणबुड्याचा चष्मा आहे. समुद्राच्या तळाशी काय आहे, हे स्वतः पाहिलेला मध्य प्रदेशातल्या साऱ्या बालाघाट जिल्ह्यातला मी एकमेव चष्मा आहे. जिल्ह्यात समुद्र नसल्यामुळे या मानासाठी दुसरा कोणी पुढे आला नाही, हेही कबूल करतो.

काळं रबर, समोर जाड काच आणि मागे पट्टा, एवढाच माझा देह. कुठल्याशा परदेशी कारखान्यात तयार होऊन १९६४ साली मी दक्षिणेकडच्या एका बेटावर सरकारी पेटीतून उतरलो. बेटाला लागून प्रवाळांचा मोठा पट्टा होता. अभ्यासासाठी तो राखून ठेवलेला होता. वर्षातले मोजके दिवस आणि यादीतली तीनच माणसं तिथे पाण्यात उतरत. पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी, डोळ्यांवर माझ्यासारखा चष्मा. बघायचं आणि वर येऊन लिहायचं. हात लावायचा नाही.

यादीतलं तिसरं नाव चैतरामचं होतं. बालाघाटातल्या परसवाड्याकडच्या एका गावातला हा ढीवराचा, म्हणजे तलावातले मासे धरणाऱ्याचा मुलगा. शिंगाडे काढता काढता तलावात श्वास रोखायला शिकला, खलाशी म्हणून भरती झाला, आणि त्याचा दम पाहून साहेबांनी त्याच्या पाठीवर टाकी बांधली. त्या यादीतल्या आपल्या नावाइतका अभिमान त्याला कशाचाच नव्हता.

खाली जे दिसे, ते मी आजही विसरलेलो नाही. बैहरच्या जंगलातल्या चितळांची शिंगं जमिनीतून उगवावीत, तशा फांद्या. त्यांच्यामधून हळदी रंगाचे मासे. या फांद्या म्हणजे दगड नव्हेत, मित्रांनो. बारीक बारीक जीव एकमेकांच्या आधाराने ते घर बांधतात. बोटभर वाढायला त्यांना कित्येक वर्षं लागतात.

सुटीत चैतराम मला घरी नेई. तलावाच्या पाळीवर बसून तो हे सगळं सांगे आणि गावातला महागू मान डोलवून ऐके.

"समुद्रात बगीचा हाय म्हनते," महागू म्हणाला. "पुढच्या खेपेले सांगशील, तिथं बैलबाजारबी भरते."

चैतरामची आई जिजाबाई हसली नाही. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता.

"जिता हाय ना तो झाड?" तिने विचारलं. "मंग एक डाहाळी आनून आपल्या तलावात काहून नाई लावत? शिंगाडा लावतो तसा."

"माय, हात लावाची मनाई हाय तिथं."

"मनाई तं मालगुजाराच्या आंब्यालेबी होती. तवा तं ओटी भरून आनत होता." मग थोडं थांबून म्हणाली, "दिसते तवरक दाखव, बाप्पा. मंग कायले दाखवशील?"

पुढच्या वर्षी, १९६८ साली, सुटीच्या आदल्या दिवशी चैतरामने एक फांदी तोडली. बोटभर. त्याचा श्वास इतका जोरात चालला होता, की मी आतून धुरकटून गेलो. त्याला ती फांदी नीट दिसलीही नसेल.

वनस्पती तुपाच्या डब्यात, समुद्राच्या पाण्यात बुडवून त्याने ती चार दिवस मांडीवर वागवली. गोंदियाला छोट्या गाडीत बसेपर्यंत डब्याला असा वास सुटला, की समोरची माणसं उठून दाराशी गेली. चैतराम दर स्टेशनावर डब्याचं झाकण उघडून बघायचा. रंग उतरत उतरत फांदी चुन्यासारखी पांढरी झाली.

तरीही ती लावली. शिंगाड्याची वेल जशी पाण्यात उभं राहून पायाच्या अंगठ्याने चिखलात दाबतात, तशीच जिजाबाईने ती दाबली. दुसऱ्या कुठल्या गावाला हे सुचलं नसतं. मग मला डोळ्यांवर चढवून ती पाण्याखाली गेली.

मित्रांनो, मी तिच्या डोळ्यांवरच होतो. पाणी चहासारखं होतं. चिखल ढवळला होता. धडधाकट डोळ्यांनाही तिथे स्वतःचा हात दिसला नसता.

ती वर आली. महागूने पाळीवरून विचारलं, "दिसलं का, जिजाबाई?"

"हौ. दिसलं."

"कसं हाय?"

"पोरानं सांगतलं तसंच. चितळाचे शिंगं." तिने मला काढून पदराने पुसलं. "माह्या पोरानं लबाडी केली का कधी?"

चैतरामने मान खाली घातली. एरवी कोणाला काही कळलं नसतं. पण सुटी संपवून तो परत गेला तो थेट साहेबांच्या टेबलापाशी उभा राहिला आणि त्याने फांदीचं सगळं सांगितलं.

"किसी ने पूछा था क्या?" साहेब म्हणाले.

"नहीं, साहब."

"फिर क्यों बताया?"

चैतरामने मला टेबलावर काढून ठेवलं. साहेब माणूस वाईट नव्हता. त्याने यादी पुढे ओढून तिसरं नाव खोडलं, आणि चैतरामची नोकरी तिथेच संपली. माझा पट्टा तुटायला आला होता, म्हणून निकामी ठरवून मला चैतरामबरोबर जाऊ दिलं.

तेव्हापासून तो गावात शिंगाडे लावतो आणि मी खुंटीला आहे. जिजाबाईला आता अजिबात दिसत नाही. गावात कोणी पाहुणा आला, की समुद्रातल्या बगीच्याचं वर्णन तीच करते, चैतरामपेक्षा सविस्तर. तो शेजारी बसून ऐकतो. माझ्या रबराला भेगा पडल्या आहेत आणि काचेमागे पालीने अंडी घातली आहेत. तक्रार नाही.

एवढंच मागणं आहे. मित्रांनो, जी गोष्ट जिवंत आहे, ती कोणाला दाखवायची म्हणून तोडून आणू नका. माणसाला तिथवर न्या. नेता येत नसेल, तर नुसतं सांगा. ज्याला तुमच्यावर विश्वास ठेवायचा आहे, त्याला बोटभर पुरावाही लागत नाही.

१९७१ साली यादीतल्या दुसऱ्या पाणबुड्याचं पत्र आलं. साहेबांची होडी लावायला सोयीचं व्हावं, म्हणून प्रवाळांच्या त्या राखीव पट्ट्यावरच आता धक्का बांधला आहे. पायासाठी फोडलेलं प्रवाळ बत्तीस होड्या भरून नेलं. त्याची रीतसर परवानगी काढलेली होती.