डबाफोड्याचं म्हणणं

मी चाकू बोलतोय. साधा नव्हे, लढाऊ. असं माझ्या खोक्यावर छापलंय. प्रत्यक्षात माझी लढाई एकच झाली, तीही एका लाकडी पेटीच्या झाकणाशी, आणि ती मी हरलो.

पत्र्याच्या शेडमध्ये प्रेसचा एक दणका बसला आणि पोलादाच्या पट्टीतून आम्ही बारा भाऊ एकदम खाली पडलो. आम्हाला भट्टीत तापवलं, तेलात बुडवलं, अंगभर काळा रंग फासला. पाठीवर करवतीचे दात काढले, त्यांनी हिरवी काडीही कापत नाही. मुठीत होकायंत्र बसवलं. ते उत्तर सोडून बाकी सगळं दाखवतं. पात्यावर कंपनीचं नाव इतकं मोठं कोरलं, की पातं नावासाठी केलंय असं वाटावं.

जाहिरातीत आमचा मालक काळा टी-शर्ट घालून गाडीच्या दारात चाकू खुपसतो. ते दार शेडच्या मागेच पडलंय. भोक आधी ड्रिलनं पाडलेलं होतं.

हे सगळं चाकूच्या हौशी लोकांना बरोबर ठाऊक होतं. आमचं नाव त्यांनी 'डबाफोड्या' ठेवलं होतं. प्रदर्शन भरलं की आमच्या स्टॉलवर गर्दी होई ती विकत घ्यायला नव्हे, हसायला.

शेडमध्ये एकच माणूस मला माणूस वाटायचा. त्याला सगळे मास्तर म्हणत. त्याचं पूर्वी धार लावायचं दुकान होतं. शिंप्यांच्या कात्र्या, खाटकांच्या सुऱ्या, न्हाव्यांचे वस्तरे, सगळं त्याच्या हातून जायचं. पुढे लोक बोथट झालेलं फेकून नवं घ्यायला लागले. दुकान बंद झालं आणि मास्तर आमच्या शेडमध्ये पट्ट्याच्या मशीनवर उभा राहिला. एका चाकूला आठ सेकंद. जाड धार काढायची आणि पुढचा उचलायचा.

"जाडच ठेवा, मास्तर," मालक बजावायचा. "लोक यानं खोकी उचकटतात. पातळ धार तुटली की बोंब आपल्या नावानं."

मालकाला चाकूतलं काही कळत नव्हतं, पण एवढं मात्र कळत होतं. हे मी कबूल करतो.

मग एक प्रदर्शन आलं आणि मालकाला वाटलं की स्टॉलवर एखादा खरा कारागीर उभा केला तर बरं दिसेल. मास्तरला त्याच्या पोटावर ताणलेला काळा टी-शर्ट मिळाला. मास्तरनं ढिगातून मला उचललं, नखावर टेकवलं, कानाशी धरून टिचकी मारली.

"पोरगं वाईट नाही," तो म्हणाला. "कपडे वाईट घातलेत."

तीन दिवस तो जेवणाच्या सुट्टीत जेवला नाही. माझ्या कडेचा काळा रंग काढला. दगडावर पाणी शिंपडत पातं दोन्ही अंगांनी उतरवत नेलं, शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर फिरवलं. अशी हौस माझी कुणी केली नव्हती. मधेच लेकीचा फोन आला, तर कान आणि खांदा यांच्यात फोन धरून काम चालूच.

"अगं, तिथं जाणकार येतात. एकानं जरी धार बघितली ना, तरी कळेल त्याला."

"बाबा, ते तुमच्या टी-शर्टकडे बघतील आणि हसतील. जेवा आधी."

"एकानं बघितलं तरी पुरे गं."

बस, एवढंच हवं होतं त्याला. पगारवाढ नको, सत्कार नको. ज्याला कळतं अशा एका माणसानं 'छान' म्हणावं.

प्रदर्शनात हौशी मंडळी आली. यांना ओळखणं सोपं आहे, डाव्या हातावरचे केस ठिकठिकाणी गायब असतात. चाकू हातात आला की हे तो हातावर फिरवून बघतात, केस उडाले तर धार खरी. त्यांच्या पुढाऱ्याला भिंगवाले काका म्हणत. निवृत्त साहेब, गळ्यात भिंग, कपाटात तीनशे चाकू. काकांनी नाक मुरडलं की दहा जणांची नाकं मुरडायची.

"काय हो, आज कुठलं दार फाडताय?" एकानं मालकाला विचारलं.

"होकायंत्र बघ रे! यानं घरी गेलास तर सासरी पोचशील."

"काका, तुम्ही बघाच. मी शूट करतो," म्हणून तिसऱ्यानं मोबाइल वर धरला.

मास्तरनं मला दोन्ही हातांनी पुढे केलं. "काका, हा बघा. जरा हातावर फिरवून बघा."

काकांनी बाही सारली आणि मला मनगटापासून वर नेलं. मला काही कष्टच पडले नाहीत. केस भुश्यासारखे पात्यावर येऊन बसले. काका थांबले. त्यांनी मला उजेडाकडे तिरपं धरलं, भिंग लावलं, आणि मास्तरच्या बोटांकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं. शपथेवर सांगतो, त्यांना सगळं कळलं होतं.

मग त्यांनी मोबाइलकडे पाहिलं. दहा तोंडं हसायला तयार बसलेली होती. काकांनी पात्यावरचे केस फुंकून टाकले.

"बोथट," ते म्हणाले. "यानं लोणीसुद्धा विचार करून कापावं लागेल."

मंडळी खदखदून हसली. मास्तरचे हात पुढे केलेले तसेच राहिले.

मालकाला ते लागलं. त्यानं मला काकांच्या हातातून हिसकावलं. "धार काय बघता, ताकद बघा ताकद!" म्हणत माल भरून आणलेल्या पेटीच्या झाकणात मला खुपसलं आणि अंगाचा भार टाकला. मास्तर "साहेब, तो नको!" म्हणेपर्यंत कट्कन आवाज झाला. माझ्या धारेचा अर्ध्या चंद्राच्या आकाराचा तुकडा उडून फरशीवर पडला.

असं हसू मी कधी ऐकलं नव्हतं. शेजारच्या स्टॉलवरचे लोकसुद्धा धावत आले.

मालकानं मला डोळ्यांजवळ नेलं. "हे पातळ कुणी केलं?"

"मी," मास्तर म्हणाला. "पण साहेब, तो बोथट नव्हता. या काकांना विचारा. त्यांच्या हातावर बघा."

सगळे काकांकडे वळले. एक शब्द पुरला असता. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं.

काकांनी बाही खाली ओढली आणि बटण लावलं. "अहो, माझा हात नेहमीच असा असतो," ते म्हणाले.

मोठ्यांचा मान ठेवा म्हणतात. मी त्या दिवशी एका मोठ्याला अगदी जवळून पाहिलं. सत्तर वर्षं खर्चून या माणसानं काय कमावलं होतं, तर दहा टवाळांसमोर खरं बोलायची भीती.

"मास्तर, सोमवारपासून पॅकिंगला बसा," मालक म्हणाला. "मशीनला हात लावायचा नाही."

मास्तरनं फरशीवरचा तुकडा उचलून खिशात टाकला.

जाताना काका परत आले, एकटेच. "हा मोडका मला द्या. गंमत म्हणून ठेवतो." मास्तरनंच मला पुसून कागदात गुंडाळलं.

"कोरडा ठेवा, काका," तो हळूच म्हणाला. "कडेचा रंग काढलाय मी. गंज धरेल."

"हो हो," म्हणत काका घाईनं निघाले. त्यांनी वर पाहिलं नाही.

आता मी काकांच्या खणात आहे. पाहुणे आले की ते मला काढतात. "हा आमचा डबाफोड्या!" सगळे हसतात, तुटलेल्या जागी बोट लावून बघतात, ओल्या बोटांनीच मला परत ठेवतात. कडेला तांबडे ठिपके पडायला लागलेत.

परवा दुपारी घरात कुणी नव्हतं. काकांनी मला खिडकीपाशी नेलं, भिंग लावलं, तुटक्याच्या शेजारी जी बोटभर धार उरलीय तिच्याकडे कितीतरी वेळ बघत बसले. मग स्वतःशीच म्हणाले, "काय हात आहे या माणसाचा!"

खोलीत मी होतो आणि खुर्ची होती. काकांनी मला खणात ठेवलं आणि खण लावून घेतला.

मला पाय नाहीत, आणि काकांना असून उपयोग नाही. तुम्हाला आहेत. त्या शेडच्या मागच्या दारानं आत गेलात की डावीकडे पॅकिंगचं टेबल लागतं. तिथे एक माणूस खोक्यांना चिकटपट्टी लावत बसलेला असेल. काकांचे हे पाच शब्द त्याला सांगून या. कुणी म्हटले तेही सांगा. मात्र लवकर जा, कारण माझी ती बोटभर जागाही आता फार दिवस राहणार नाही.